स्पूल टेपवरचा जॅझ: आवाज पारखायचा कसा, दोष शोधायचा कुठे

परभणीत माझ्याकडे पहिलं स्पूल मशीन, म्हणजे उघड्या रिळांवरची टेप वाजवणारं मशीन, आलं, तेव्हा महिनाभर मी एका चुकीच्या आनंदात होतो. मशीन अमेरिकेतलं, ११७ व्होल्टवर चालणारं. विकणाऱ्याने सोबत ट्रान्सफॉर्मर दिला होता आणि ‘आता काही बघायचं नाही’ असं ठणकावून सांगितलं होतं. टेनर सॅक्सोफोन असा काही भारदस्त वाजायचा की मी येईल त्याला बसवून ऐकवायचो. शेवटी एक तबला वाजवणारा मित्र आला. त्याने दोन मिनिटं ऐकलं, शेजारची पेटी उघडली, सूर शोधला आणि म्हणाला, ‘हे कुठल्याच पट्टीत बसत नाही. आणि एवढी झोपाळू लय?’ मिस्त्रीला बोलावलं. त्याने मागची पाटी वाचली आणि हसला. ‘मशीनला काही झालं नाही साहेब. तिकडची लाईट साठची, आपली पन्नासची. म्हणून तुमचा सॅक्सोफोनवाला दमानं वाजवायलाय.’

ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ, म्हणजे विजेची दर सेकंदाची आवर्तनं, बदलत नाही. जुन्या मशीनची मोटर विजेच्या आवर्तनांवर बांधलेली असेल तर ६० हर्ट्झचं मशीन ५० वर सहाव्या हिश्श्याने हळू चालतं. म्हणजे पेटीवर काळ्या-पांढऱ्या मिळून तीन पट्ट्या खाली, वर थोडं जास्तच. मी ज्याला टेपचा ऊबदार आवाज म्हणत होतो, तो महावितरणचा होता.

तेव्हापासून मी एक क्रम पाळतो. टेपमधून जे ऐकू येतं त्यात बऱ्याच जणांचा हात असतो: ज्याने स्टुडिओत ध्वनिमुद्रण केलं, ज्याने त्याची प्रत काढली, टेपवरून गेलेली पन्नास-साठ वर्षं, आपलं मशीन आणि आपली खोली. पारख उलट्या टोकाने करायची. आधी घर, मग मशीन, मग टेप आणि सगळ्यात शेवटी स्टुडिओ. बहुतेक जण थेट स्टुडिओवर निकाल देऊन मोकळे होतात.

खोली आणि वेळ

आपल्याकडच्या घरांत शहाबादी फरशी, उघड्या भिंती, क्वचित वर पत्रा. अशा खोलीत झांजेचा, म्हणजे ड्रमच्या सिंबलचा आवाज भिंतींवर आपटून कर्कश होतो आणि आपण म्हणतो टेप तिखट आहे. स्पीकरसमोरच्या फरशीवर सतरंजी टाका, मागच्या भिंतीला दोरीवर जाडजूड वाकळ टांगा. पैसे न लागता इतका फरक पाडणारं दुसरं काही मला माहीत नाही.

कूलर बंद. पंखाही बंद. कूलरच्या घरघरीत टेपची बारीक सळसळ ऐकू येत नाही, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यात ऐकलेल्या टेपा मला नेहमी ‘स्वच्छ’ वाटायच्या! शिवाय कूलरची ओल टेपला वाईट. उन्हाळ्यात पहाटे ऐका, नाहीतर निकाल दिवाळीपर्यंत राखून ठेवा. हेडफोन असेल तर खोलीचा प्रश्नच मिटतो. दोष शोधायला हेडफोन आणि वादक कुठे उभे आहेत ते समजायला स्पीकर, अशी माझी वाटणी आहे.

मशीनची झडती

वेग आधी. मागच्या पाटीवर ५०/६० हर्ट्झचा खटका किंवा पुली बदलण्याची सोय आहे का बघा. बऱ्याच जपानी मशीनांवर असते. रेव्हॉक्स ए७७ सारख्या मशीनमध्ये कॅप्स्टनची, म्हणजे टेप ओढणाऱ्या फिरत्या दांड्याची, मोटर इलेक्ट्रॉनिक पद्धतीने ताब्यात ठेवलेली असते, तिला हर्ट्झचं सोयरसुतक नाही. लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर पारख करू नका. स्वस्त इन्व्हर्टरचा प्रवाह खडबडीत असतो, मोटर गुणगुणते आणि ती गुणगुण आवाजात उतरते.

वेग मोजायला यंत्र लागत नाही. एक टाकाऊ टेप घ्या, शिंप्याच्या फितीने ११ मीटर ४३ सेंटिमीटर मोजून दोन्ही टोकांना पाठीवर पांढऱ्या पेन्सिलीने खूण करा. साडेसात इंच प्रतिसेकंद, म्हणजे १९.०५ सेंटिमीटर, या वेगाने दोन खुणांमधलं अंतर बरोबर ६० सेकंदांत जायला हवं. अर्ध्या सेकंदाचा फरक आला तर समजा एका टक्क्याच्या आसपास चूक आहे. एवढी बहुतेकांना कळत नाही. दोन सेकंदांचा आला तर मिस्त्री बोलवा.

मग सफाई. हेड (टेप वाचणारा भाग), गाइड (टेपला वाट दाखवणारे खुंट) आणि कॅप्स्टन आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे. मेडिकलमध्ये मिळतं ते बहुधा ७० टक्क्यांचं, उरलेलं पाणी. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून ९९ टक्क्यांचं आणा. टेपला कॅप्स्टनवर दाबून धरणाऱ्या रबरी पिंच रोलरला मात्र सौम्य साबणाचं पाणी बरं, अल्कोहोलने जुनं रबर कडक पडतं. कापसावर तपकिरी रंग येणं थांबेपर्यंत पुसत राहा. हेडवर नख फिरवून बघा. खोल चर लागली तर हेड झिजलं आहे आणि वरचे सूर कधीच पूर्ण येणार नाहीत.

अधूनमधून हेडची चुंबकता घालवावी लागते. मशीन बंद ठेवायचं, सगळ्या टेपा दुसऱ्या खोलीत. डीमॅग्नेटायझर मशीनपासून हातभर लांब असतानाच चालू करायचा, हळूहळू जवळ न्यायचा, तसाच हळूहळू लांब आणायचा आणि लांब आल्यावरच बंद करायचा. हेडजवळ बंद केलात तर होती त्यापेक्षा जास्त चुंबकता मागे राहते.

टेप हातात आल्यावर

लावण्याआधी डोळे आणि नाक वापरा. रीळ उजेडाकडे धरून कडेने बघा. गुंडाळीतून उजेड पाझरला तर ॲसिटेटची टेप, काळीठिक्कर दिसली तर पॉलिएस्टरची. ॲसिटेट जुनी, ताणली की कटकन तुटते, पण तुटलेली नीट जोडता येते. पॉलिएस्टर तुटण्याआधी ताणली जाते आणि ताणलेल्या जागी सूर कायमचा वाकतो. ॲसिटेटला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ती कुजायला लागली आहे. तिला बाकीच्या टेपांपासून वेगळी ठेवा आणि जमेल तितक्या लवकर प्रत काढून घ्या. पांढरी बुरशी दिसली तर मशीनला लावूच नका.

१९७० च्या दशकाच्या मध्यापासून निघालेल्या, पाठीवर काळपट थर असलेल्या काही टेपांमधला चिकटवणारा पदार्थ हवेतली ओल पितो. अशी टेप हेडवरून जाताना किंचाळते आणि मागे चिकट राड सोडते. तिथेच थांबवा. साधारण ५४ अंश सेल्सियसवर आठेक तास शेकली की काही आठवडे ती वाजवण्याजोगी होते. तेवढ्यात प्रत काढायची. मे महिन्यात पत्र्यावर ठेवून भागेल का, असं मला एकाने अगदी गंभीरपणे विचारलं होतं. नाही भागत. तापमान सगळीकडे सारखं आणि स्थिर लागतं; हे काम प्रयोगशाळेतल्या इनक्युबेटरचं आहे, उन्हाचं किंवा गॅसच्या भट्टीचं नाही. आणि ॲसिटेट कधीही शेकायची नाही.

आता खोक्यावरचा मजकूर. दोन गोष्टी शोधायच्या, वेग आणि ट्रॅक, म्हणजे टेपच्या रुंदीत शेजारी शेजारी नोंदलेले आवाजाचे पट्टे. १९५० च्या दशकातल्या स्टिरिओ टेपा दोन ट्रॅकच्या, एकाच दिशेने वाजणाऱ्या. त्या दशकाच्या शेवटी चार ट्रॅकच्या आल्या. त्या दोन्ही बाजूंनी वाजतात, म्हणजे पाव इंची पट्टीत प्रत्येक ट्रॅकला निम्मीच जागा. ट्रॅक अरुंद झाला की संगीत आणि सळसळ यांच्यातलं अंतर घटतं. पुढे पावणेचार इंच वेगाच्या स्वस्त टेपा निघाल्या. त्यांच्यावर सिंबल ऐकून निकाल देणं अन्यायाचं आहे. चार ट्रॅकची टेप दोन ट्रॅकच्या मशीनवर लावली तर मागच्या बाजूचं संगीत उलटं वाजताना ऐकू येतं. योग्य मशीनवरही ते अंधूक ऐकू येत असेल तर हेडची उंची सरकली आहे.

अजून एक गुंता, इक्वलायझेशनचा, म्हणजे टेपवर नोंदताना खालचे-वरचे सूर ठरवून कमी-जास्त करायचे आणि वाजवताना ते उलट भरून काढायचे, त्याचा. नॅब आणि आयईसी अशा दोन पद्धती आहेत. अमेरिकन विक्रीच्या जुन्या टेपा नॅबच्या, आज पंधरा इंच वेगाने मिळणाऱ्या महागड्या प्रती बहुधा आयईसीच्या. पंधरा इंची आयईसी टेप नॅब मशीनवर वाजवली की खालचा खर्ज बारीक होतो आणि वरचे सूर सुमारे ३ डेसिबलने चढतात. उलट केलं की खर्ज फुगतो आणि सिंबल झाकोळतात. हजारो रुपये मोजून घेतलेली टेप ‘फार चमकदार’ आहे अशी तक्रार आली की मी पहिला प्रश्न हाच विचारतो, नॅब-आयईसीचा खटका कुठे आहे?

अझिमथ, म्हणजे जवारी

अझिमथ म्हणजे हेडचा टेपशी असलेला कोन. हेड टेपला अचूक काटकोनात हवं. ते जरा तिरपं झालं की वरचे सूर जातात. तानपुऱ्याची जवारी बंद झाल्यावर काय होतं ते आपल्याकडच्या ऐकणाऱ्याला सांगावं लागत नाही. तार तीच, सूर तोच, पण त्यातला झणकार हरवतो. अझिमथ बिघडल्यावर नेमकं हेच होतं.

तपासणी सोपी आहे. ॲम्प्लिफायर मोनोवर टाका आणि सिंबल ऐका. स्टिरिओत उजळ असलेले सिंबल मोनोत मंदावले तर दोन्ही ट्रॅक एकमेकांच्या मागेपुढे वाचले जात आहेत. हेडशेजारी अझिमथचा स्क्रू असतो. आधी त्याच्या मूळ जागेवर नेलपॉलिशने खूण करा, मग मोनोत ऐकत ऐकत केसभर फिरवा आणि जिथे सिंबल सगळ्यात मोकळे होतील तिथे थांबा. गंमत अशी की दर टेपेची ही जागा जराशी वेगळी असू शकते, कारण प्रत काढणाऱ्या मशीनचं हेडही कुठे सरळ होतं? म्हणून एका टेपेवर लावलेला स्क्रू दुसरीचा न्याय करायला वापरू नका. आवाज ‘बंद’ आहे असं लिहिण्याआधी हे केलेलं असलंच पाहिजे. मी स्वतः तीन चांगल्या टेपा यापायी स्वस्तात देऊन बसलो आहे.

संगीत सुरू होण्याआधीचे सेकंद

आता कुठे ऐकायला बसायचं, आणि तेही संगीत नव्हे, शांतता. पहिला सूर येण्याआधीच्या दोन-चार सेकंदांत टेप आपली जन्मकुंडली सांगते.

सळसळ असायचीच. मूळ ध्वनिमुद्रणाची सळसळ आणि कोरी टेप घातल्यावर तुमच्या मशीनची सळसळ यांची तुलना करा. प्रत काढताना नवी सळसळ जुनीत मिसळते. दोन्ही सारख्या असतील तर एकूण ३ डेसिबलने वाढते. १९५० च्या दशकातल्या जॅझच्या टेपेवर अजिबात सळसळ नसेल तर मला आनंद होत नाही, संशय येतो. कुणीतरी गाळणी लावली आहे, आणि त्या गाळणीत ड्रमवर फिरवायच्या तारांच्या ब्रशचा आवाजही अडकलेला असणार.

मग पूर्वध्वनी. गुंडाळीतला चुंबकीय ठसा शेजारच्या वेढ्यावर उमटतो आणि ट्रम्पेटची पहिली फुंकर यायच्या एक-दोन सेकंद आधीच तिचं भूत ऐकू येतं. पातळ टेपांवर हे जास्त. वाजवण्याआधी टेप एकदा पुढे-मागे गुंडाळून घेतली की थोडं कमी होतं.

घुंकार ऐकू आला तर टेप थांबवा. तरीही चालू राहिला तर तो तुमच्या मशीनचा किंवा अर्थिंगचा. टेपेबरोबर थांबला तर त्याचा सूर पेटीवर शोधा. आपल्या विजेचा घुंकार ५० किंवा १०० हर्ट्झचा, पाश्चात्त्य सुरावटीत जी च्या जवळचा. अमेरिकन स्टुडिओतून टेपेवर आलेला ६० किंवा १२० चा, बी फ्लॅट आणि बी यांच्या मधला. आपल्या गल्लीतल्या विजेचा दोष अमेरिकेत न्यू जर्सीतल्या स्टुडिओच्या माथी मारू नये.

वाद्यागणिक कान

डबल बेसपासून सुरुवात करा. नुसतं ‘घुम’ पुरेसं नाही. बोट तारेवर ठेवल्याचा, खेचल्याचा आणि सुटल्याचा आवाज वेगळा यायला हवा. डग्ग्यावर मनगट घासल्यावर मींड कशी दिसते तशी. खालच्या चार-पाच सुरांपैकी एकच सूर दरवेळी उसळून वर येत असेल तर ती खोली आहे, बसायची जागा दोन हात सरकवून बघा.

नंतर स्नेअर ड्रमवरचे ब्रश. माझी ही सगळ्यात आवडती परीक्षा. आजी अंगणात सुपात जोंधळे पाखडायची, तो आवाज आठवा: दाणा दाणा वेगळा, तरी एक सलग सरसर, आणि तिच्यात लय. चांगल्या टेपेवर ब्रश तसे येतात. वाईट प्रतीवर ती सरसर टेपच्या सळसळीत विरघळते आणि ड्रमवाला काही वाजवतो आहे हेच कळत नाही. राइड सिंबलवर आधी काडीच्या लाकडाचा टणत्कार आणि मग धातूचा पसारा, हा क्रम ऐका. नुसता पसाराच येत असेल तर वरचे सूर गेलेले आहेत.

पियानो वेगाची नाडी सांगतो. लांब सोडलेला स्वरसमूह विरत जाताना डगमगला, तर मशीनचा पट्टा, पिंच रोलर किंवा वाकडा कॅप्स्टन बघा. व्हायब्राफोनवर, म्हणजे धातूच्या पट्ट्यांवर काड्यांनी वाजवायच्या वाद्यावर, मात्र ही परीक्षा घेऊ नका, कारण त्यात मोटरवर फिरणाऱ्या चकत्या आवाजाला मुद्दाम हेलकावे देतात. व्हायब्राफोनवादक मिल्ट जॅक्सन तर तो वेग फार संथ ठेवायचा. मी एकदा त्याच्यासाठी मशीन अर्धं उघडलं होतं.

ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन चढला की आवाज फाटतो का? व्हॉल्यूम निम्मा करा. फाटणं थांबलं तर दोष ॲम्प्लिफायरचा. तसंच राहिलं तर ते टेपेवरच आहे. पण टेप भरून वाहते, म्हणजे पेलेल त्याहून मोठा आवाज तिच्यावर नोंदला जातो, तेव्हा ती हळूच दबते, टोकं गोल होतात. बऱ्याच जॅझमध्ये ते मुद्दाम चालवून घेतलेलं असतं. मला ते आवडतं, तुम्हाला नाही आवडलं तर भांडण नाही.

मधेच क्षणभर आवाज खोल गेला तर हेड पुसून तोच तुकडा पुन्हा वाजवा. त्याच जागी गेला तर टेपचा थर उडाला आहे, दुसरीकडे गेला तर कचरा होता.

जे स्टुडिओचं आहे ते स्टुडिओला

एवढं झाल्यावर जे उरतं ते मूळ ध्वनिमुद्रणाचं. इथे थोडा इतिहास माहीत असावा लागतो.

ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर दिवसा चष्म्याचे नंबर काढायचा आणि न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकला आई-वडिलांच्या घरातल्या दिवाणखान्यात ब्लू नोट या जॅझच्या रेकॉर्ड कंपनीसाठी ध्वनिमुद्रण करायचा. १९५९ मध्ये त्याने एंगलवुड क्लिफ्सला स्वतःचा स्टुडिओ बांधला. त्याचे सॅक्सोफोन-ट्रम्पेट तोंडावर येतात, पियानो मात्र जरा पेटीत बंद केल्यासारखा. तो टेपचा दोष नाही, कितीही महाग प्रत आणा, पियानो तसाच येणार. त्या काळातल्या स्टिरिओत सॅक्सोफोन एका कोपऱ्यात आणि ड्रम दुसऱ्या कोपऱ्यात असतात, मधे पोकळी. त्यावरून तुमचे स्पीकर नीट लागलेले नाहीत असं समजू नका.

ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बमची गोष्ट तर माझ्या परभणीच्या गोष्टीची सख्खी बहीण. २ मार्च १९५९ ला न्यूयॉर्कमधल्या कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या थर्टिएथ स्ट्रीट स्टुडिओत मुख्य मशीन जरा हळू चालत होतं. त्यामुळे योग्य वेगाच्या मशीनवर वाजवल्यावर एलपीच्या पहिल्या बाजूचं संगीत किंचित चढ्या सुरात ऐकू यायचं. शेजारच्या दुसऱ्या मशीनवर घेतलेली टेप वापरून हे दुरुस्त झालं ते १९९२ मध्ये. तीस वर्षं जगाने ते चढेच ऐकलं. म्हणून पेटीशी सूर जुळला नाही की आधी आपली ६० सेकंदांची खूण तपासा, ती बरोबर आली तरच स्टुडिओकडे बोट दाखवा.

आणि २५ जून १९६१. न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबात पियानोवर बिल इव्हान्स, बेसवर स्कॉट लाफारो आणि ड्रमवर पॉल मोशन वाजवत होते. मागे ग्लास किणकिणतात, लोक बोलतात. चांगल्या प्रतीवर ती टेबलं पियानोच्या मागे किती लांब आहेत ते कळतं. सपाट प्रतीवर किणकिण पियानोच्याच डोक्यावर बसते. त्या दिवशी पहिल्याच टेकच्या मधे वीज गेली होती. हे वाचल्यापासून मला लोडशेडिंगचं काही वाटत नाही!

विकत घेताना आणि वहीत लिहिताना

विकणाऱ्याला ‘मास्टर टेप आहे का’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. मूळ टेपपासून ही कितवी प्रत, प्रत काढताना वेग किती, मधे डिजिटल फाइल होती का, इक्वलायझेशन कुठलं, एवढे चार प्रश्न विचारा. उत्तर देताना जो अडखळेल त्याच्याकडून पंधरा इंची टेप घेऊ नका, साडेसात इंची जुनी, दोन ट्रॅकची, खोक्यासकट मिळाली तर ती घ्या. जुन्या विक्रीच्या टेपा बहुधा वाढीव वेगाने, घाऊक प्रमाणात काढलेल्या असतात. एकाच नावाच्या दोन प्रतींत फरक निघतो, त्यामुळे खोकं पाहून नव्हे, ऐकून घ्या.

एलपीशी किंवा सीडीशी तुलना करायची तर आधी दोन्हींचा आवाज सारख्या पातळीवर आणा. मोबाइलवरचं आवाज मोजायचं ॲप चालेल. जे जरा मोठ्याने वाजतं ते कानाला चांगलंच वाटतं, आणि त्यावर लोकांनी लाखभर रुपये घालवलेले मी पाहिले आहेत.

वहीत मी प्रत्येक टेपेला एक पान देतो: तारीख, मशीन, खटका, अझिमथची खूण, सुरुवातीची शांतता, मग बेस, ब्रश, पियानो, फुंकवाद्यं. शेवटी दोन शब्द मनाला येतील ते. सहा महिन्यांनी तीच टेप वही न उघडता पुन्हा ऐकायची आणि मग पान ताडून बघायचं. पहिल्या वर्षी माझी निम्मी पानं जुळली नव्हती.

ऐकून झाल्यावर टेप मागे गुंडाळू नका. वाजण्याच्या वेगाने ती सपाट बसते, आणि शेवट बाहेर ठेवला की त्या पूर्वध्वनीच्या भुताचा जोर आवाजाच्या आधी न पडता नंतर पडतो, जिथे तो ऐकू येत नाही. खोक्यावर ‘शेपूट बाहेर’ असं लिहून ठेवा. खोकं उभं, पिशवीत सिलिका जेलची पुडी, जमिनीपासून वर, पत्र्याखालच्या माळ्यावर मुळीच नाही. स्पीकर आणि मिक्सरपासून लांब. श्रावण संपला की पुड्या गरम करून वाळवायच्या आणि परत आत टाकायच्या.